जित्ता नमुना

(कुरुंदवाडजवळचं शेततळं. मालक आकाराम आणि लॅबमधनं आलेली प्रियदर्शनी काठावर बोलतायत. आकारामची बायको बाळाबाई जरा लांब, पाठमोरी.)

आकाराम: व्हय ओ ताई, पर रिपोर्ट दिलासा की एकदा! पाणी नासलंय, पेंड जास्त पडलीया म्हनलासा. आता परत मासा कशाला पायजे?

प्रियदर्शनी: तो रिपोर्ट चुकीचा होता, दादा.

आकाराम: लॅबचा रिपोर्ट चुकीचा? काय चेष्टा लावलीया व्हय! पाणी बदललं, पेंड बंद केली, तरीबी रोज रोहू उलटं होऊन तरंगाय लागल्यात.

प्रियदर्शनी: म्हणूनच आले. हा रोग आहे. पेंडीचा दोष नव्हता.

आकाराम: थांबा, थांबा. दोष नव्हता? आवो, पेंड टाकायची ही माझी बायकू! भावकीत, चार माणसांत बोललोय मी हिला. हात सैल हाय तुझा, तूच मारलीस मासळी, म्हनलोय. तवापास्नं तळ्याकडं फिरकली न्हाय. आज वढून आणलीया.

प्रियदर्शनी: हे... हे मला माहीत नव्हतं.

आकाराम: मग चुकलं कुणाचं? मशीनचं?

प्रियदर्शनी: माझं. तुम्ही दोन आजारी मासे जिवंत आणले होते. आणि एक मेलेला.

आकाराम: व्हय. तुमचं लॅबचं सायबच म्हनलं होतं, आजारी आणा पर जित्तं आणा.

प्रियदर्शनी: कारण मासा मेला की थोड्या वेळात पाण्यातले भलतेच जंतू त्याच्यात शिरतात. खरा रोग मग सापडत नाही. जिवंत माशाला लवंगेच्या तेलाची गुंगी द्यायची, मारायचं आणि लगेच नमुना काढायचा. एवढंच काम होतं माझं. सर बाहेर गेले होते. मी मेलेल्याचा नमुना काढला आणि जिवंत माशाचा म्हणून सांगितला.

आकाराम: का पर?

प्रियदर्शनी: हातच उचलेना, दादा. आम्ही जैन. दिव्यावर किडा पडेल म्हणून आमच्याकडं अंधार पडल्यावर जेवत नाहीत. ट्रेनिंगला येताना वाटलं होतं, जमेल. नाही जमलं.

आकाराम: मग ती दोन तरी जगली का?

प्रियदर्शनी: सकाळी दोन्ही मेलेली.

आकाराम: आयला! म्हंजे कुणीच वाचलं न्हाय की ओ! मासं न्हाय आन हिची अब्रूबी न्हाय!

प्रियदर्शनी: सरांना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी मालकाला तोंडानं सांग, मग नमुना आण. माझ्या ट्रेनिंगचं पुढं बघू म्हणाले. शिव्या द्या मला, पण एक जिवंत मासा द्या. या वेळी मीच मारीन, इथंच. रोग कळला तर उरलेलं तळं वाचेल कदाचित.

आकाराम: शिव्या कुठल्या तोंडानं देऊ? माझंच तोंड आधी सुटलं. बाळे, ऐकलंस न्हवं?

बाळाबाई: ऐकलं. बहिरी न्हाय मी.

आकाराम: चुकलं माझं.

बाळाबाई: चार माणसांत बोललासा, चार माणसांत जाऊन म्हना. हितं मासळीला ऐकवून काय उपेग? जावा, जाळं टाका.

आकाराम: जातो, जातो... (जाळं टाकून, थोड्या वेळानं) हा बघा ताई, घावला. अंगावर लाल डाग हायत, पर जित्ता हाय. घमेल्यात सोडलाय.

प्रियदर्शनी: काकी, मलाही बोला की काहीतरी.

बाळाबाई: काय बोलू बाई? मलाबी पटलंतं, माझ्याच हातनं मेली म्हनून. जेवताना ह्या हाताकडं बघू वाटायचं न्हाय. तुमाला माशाची दया आली, वाईट न्हवं त्ये. माझी मातूर कुणालाच आली न्हाय.

प्रियदर्शनी: चुकलं, काकी. फार चुकलं.

बाळाबाई: व्हय, चुकलं. आता डोळं पुसा. घमेल्यात तडफडाय लागलाय त्यो. किती येळ ठेवणार त्याला असा?