पाहुण्यासाठी अडवलेली अंडी

मी मूळचा माण तालुक्यातला, जिथं प्यायला पाणी न्हाई तिथं मासं कुठलं, बापाची मेंढरं राखायला दुसरीतनं शाळा सुटली, पण हात असा की मेंढीच्या पोटाला लावला की कळायचं, आज व्यायची का उद्या. त्याच हातावर एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर पलूसकडं मत्स्यबीज केंद्रात, माशाची पिल्लं काढायच्या कामावर लागलो.

काय सांगू तुम्हाला, चंदेरी मासा तळ्यात आपणहून अंडी सोडत न्हाई. दुसऱ्या माशाच्या डोक्यातली गाठ वाटून मादीला सुई द्यायची, अंडी पिकली की पोट चोळून परातीत काढायची, वर नर पिळायचा, कोंबडीच्या पिसानं हलवायचं. समदं केंद्राच्या साहेबांनी शिकवलं, खोटं कशाला बोलू. ते म्हणायचं, सुई आपल्या हातात, पुढची वेळ माशाची. घाई केली तर अंडी कच्ची, थांबलात तर पोटातच नासली.

एका साली आमच्या गावच्या तलावात पिल्लं सोडायचा शब्द मी दिलता. पारावरची हसायची, ग्यानबा, आधी माणसाला पाणी आन की रं, मग मासं.

आन नेमका मुंबईचा बडा पाहुणा केंद्र बघायला यायचा ठरला. त्याच्या यायच्या हिशेबानं सुया दिल्या, मांडव, हार, समदं. पाहुणा अडकला वाटेत लोणंदला सत्कार घेत. हिकडं माद्यांची पोटं लोण्यावानी झाली. म्हणलो, साहेब, पिळूया. ते म्हणालं, मला कळत न्हाई व्हय ग्यानबा, पण पाहुण्यापुढंच पिळायचा वरनं हुकूम हाय. म्हणलो, मेंढी व्यायला लागली की मालक येऊस्तवर थांब म्हणता येतंय व्हय? साहेब म्हणालं, मी जरा चहा बघून येतो. किटली तर तिथंच हुती.

मी एक मादी उचलली, मांडवामागं नेली, परातीत पिळली, वर नर पिळला.

पाहुणा उन्हं कलल्यावर आला. बाकीच्या माद्या त्याच्यापुढं पिळल्या, चहापाणी होईस्तवर अंडी पांढरीफट्ट. चांगलं अंडं काचंवानी आरपार दिसतंय, पांढरं म्हंजी मेलेलं. पाहुणा म्हणतोय, वा, काय मोत्यासारखी! लय टाळ्या पडल्या. साहेब खाली बघत टाळ्या वाजवत हुतं.

माझ्या परातीतल्या अंड्यांत सकाळी जीव वळवळत हुता. साहेब वाकून बघत राहिलं, म्हणालं, ही माणला ने.

आता तलाव दर साली भरत न्हाई. भरला की केंद्रातली पिल्लं पुन्यांदा सोडत्यात, मग गावाकडनं सांगावा येतोय, आवं तात्या, तुमची लेकरं उड्या मारायल्यात. बास, आणि काय पायजे? तुमच्या घरातलं कुठलं काम कुणा पाहुण्यापायी अडून नासू नये, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.