सातवी चिठ्ठी

मावशी : ...आणि तिसरी कुठे चिकटवली असेल, सांग बघू!

भाची : थांब गं मावशी, माझी दुसरीच लिहून होतेय. पहिली मोठ्या गेटवर, दुसरी क्रेनच्या दारावर. क्रेनवाला काय म्हणाला?

मावशी : काय म्हणणार? ‘मावशी, आज चहा एक नंबर.’ मी त्याच्या पाठीमागं ‘हा बॉम्ब आहे’ अशी लालभडक चिठ्ठी डकवतेय, आणि हा फुंकर मारमारून चहा पितोय! गेटवरच्यानं तर कमाल केली. माझ्या गाडीचं चाक उंबऱ्याला अडलं, तर स्वतः उचलून आत घेतली. बिस्किटांच्या डब्याखाली सहा बॉम्ब, वर याचा हातभार.

भाची : देवा! बरं, तिसरी?

मावशी : तुझ्या मोठ्या साहेबांच्या खुर्चीला. मागच्या बाजूनं. अजून तिथंच असेल, ते बसलेत टेकून.

भाची : साहेबांच्या? मावशी, अगं सोमवारी तपासणीवाले येतायत! नव्या कायद्याप्रमाणे बंदर सुरक्षित आहे असा त्यांचा शेरा मिळाला, तरच बाहेरची मोठी जहाजं इथं लागणार. चार महिने खपून मी दोनशे पानांचा सुरक्षा आराखडा लिहिलाय.

मावशी : मग त्यात दोनशे एकावं पान घाल. ‘साहेबांची खुर्ची.’

भाची : चौथी?

मावशी : कॅमेऱ्यांच्या खोलीत. पाच माणसं, वीस पडदे. एका पडद्यावर मीच दिसत होते, चिठ्ठी चिकटवताना. छान दिसत होते, पण जरा जाड. पाचही जण पडद्याकडे बघत होते. एक म्हणाला, ‘मावशी, कप इकडे ठेव, वायरींवर सांडेल.’ काळजी वायरींची हो!

भाची : हसवू नकोस, अक्षर बिघडतंय. पाचवी तेलाच्या टाकीला?

मावशी : टाकीला. तिथं मात्र एक गोष्ट लिहून घे. मागच्या कुंपणाचं कुलूप नुसतं अडकवलेलं आहे, लावलेलं नाही. गेल्या बुधवारपासून. शिवाय दोन नंबरच्या शेडमध्ये एक नवा माणूस दिसतो. बिनसाखरेचा घेतो. कुणाचा कोण ते कुणालाच माहीत नाही. मी चारजणांना विचारलं.

भाची : हे तू मला आत्ता सांगतेस?

मावशी : आजवर कुणी विचारलं होतं का? मला चहा मागतात, बातमी नाही मागत.

भाची : थांब, फोन करते... हॅलो, दोन नंबर शेडमध्ये नवीन कोण आलंय, पास बघून मला कळवा. हो, लगेच. आणि टाकीमागच्या कुंपणाला नवं कुलूप. आज नाही, आत्ता... हं. सहावी?

मावशी : सहावी तुला बघावी लागेल. ऊठ आणि स्वतःच्या दाराची मागची बाजू बघ.

भाची : मावशी! ही कधी लावलीस?

मावशी : सकाळी साडेनऊला. तू म्हणालीस, ‘ठेव तिथं, मी कामात आहे.’ दिव्याखालीच अंधार गं बाई.

भाची : म्हणजे सुरक्षा अधिकारीही उडाली. छान. साहेबांना मी म्हणाले होते ना, अनोळखी माणूस पाठवला तर गेटवरचं शेंबडं पोरही अडवेल. खरी परीक्षा ओळखीच्या माणसानंच घ्यायची. पण सहाच्या सहा ठिकाणी... मावशी, तू खिडकीकडे तोंड का वळवलंस?

मावशी : काही नाही. लिही तू.

भाची : सांग ना.

मावशी : बावीस वर्षं मी या बंदरात फिरतेय. पास कधी नव्हताच. पहिल्या दिवशी गेटवरचा म्हातारा म्हणाला, ‘मावशीला कसला पास!’ झालं, तोच माझा पास. आता तू लिहिणार, बिनपासाची बाई बॉम्ब घेऊन सहा ठिकाणी गेली. मग सोमवारपासून माझी गाडी गेटच्या बाहेर. बरोबर ना?

भाची : ...हो. नियमानं तसंच होतं.

मावशी : मला कालच कळलं होतं. रात्रभर तळमळले. मी काय दुधखुळी आहे?

भाची : मग नाही का म्हणाली नाहीस? एखादी चिठ्ठी मुद्दाम दिसेल अशी लावायची!

मावशी : आणि खोटं बोलायचं? अगं, तीनशे माणसं आहेत आत. प्रत्येकाची साखर मला पाठ आहे. उद्या खरंच कुणी डब्याखाली काही घेऊन आलं तर? माझी गाडी बाहेर गेली तर मी रडेन चार दिवस. पण यातला एकजण गेला तर...? जाऊ दे. तू लिही.

भाची : मावशी, सातवी कुठे आहे? मी सात दिल्या होत्या.

मावशी : तिचं नाव काढू नकोस.

भाची : जहाजाच्या शिडीपाशी लावायची होती ना? तिथं पहाऱ्यावर तर काका...

मावशी : तेच ते! हरिश्चंद्राचे चुलतभाऊ! बावीस वर्षांत एकदा सोडून मी त्या शिडीकडे फिरकले नाही. का? सगळं बंदर माझा चहा पितं आणि माझा स्वतःचा नवरा घरून बाटलीत पाणी आणतो. एकदा, पहिल्याच वर्षी, कप पुढं केला तर ‘ड्यूटीवर नको’ म्हणाले. बाकीचे काय ड्यूटीवर नसतात? लाज वाटते माझी, दुसरं काय! पण आज तुझं काम, म्हणून गेले. तर लांबूनच हात वर. ‘थांबा.’ मला! म्हणे, ‘बाई, आपलं नाव?’

भाची : काकांनी? तुला नाव विचारलं?

मावशी : एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! वीस खलाशी शिडीवरून माना खाली घालून बघतायत. मी म्हटलं, ‘अहो, डोळे गेले का?’ तर म्हणे, ‘पूर्ण नाव सांगा, बाई.’ बिस्किटाचा एकेक डबा उघडला. चिठ्ठी सापडली. गाडी जप्त!

काका : आत येऊ का, मॅडम?

मावशी : आले बघ. मॅडम! माझ्या सख्ख्या बहिणीची पोर आणि मॅडम!

काका : दोन वाजायला पाच मिनिटं आहेत. मी ड्यूटीवर आहे. मॅडम, हा जप्तीचा कागद. तीन प्रती.

भाची : बसा ना, काका. ‘चहाची गाडी एक. डबे चार. संशयास्पद चिठ्ठी एक. सदर व्यक्तीला आपण ओळखता का? होय. ओळखीमुळे प्रवेश दिला का? नाही.’ काका, अख्ख्या बंदरात तुम्ही एकटे पास झालात! शनिवारी सगळ्या पहारेकऱ्यांचा वर्ग आहे, तो तुम्ही घ्यायचा.

काका : मला बोलता येत नाही, मॅडम.

मावशी : ‘बाई, आपलं नाव’ तर फार छान आलं बोलता!

भाची : मावशी, जरा थांब. काका, तुमच्यासमोरच हिला एक दाखवते. मी इथं रुजू झाले तेव्हा जुन्या कपाटात एक फाईल मिळाली. बावीस अर्ज आहेत. दर जानेवारीत एक.

काका : मॅडम, ते जुनं आहे. राहू द्या.

मावशी : कसले अर्ज?

भाची : ऐक. ‘बंदरात चहा पुरवणाऱ्या महिलेस रीतसर पास मिळावा, ही विनंती. सदर महिला प्रामाणिक असून तिच्या ओळखीची हमी मी घेतो.’ खाली काकांची सही. आणि प्रत्येकावर ऑफिसचा एकच शेरा. ‘पासात असा रकाना नाही.’ खलाशी आहे, ड्रायव्हर आहे, हमाल आहे, पाहुणा आहे. चहावाली नाही.

मावशी : बावीस वर्षं? अहो, मला कधी बोलला नाहीत!

काका : मिळाला नव्हता. काय बोलायचं?

मावशी : आणि मी समजले, तुम्हाला माझी लाज...

काका : वेडी आहेस का? बिनपासाच्या गाडीवरचा चहा प्यायलो असतो, तर शिडीवर कुणाला अडवायला तोंड राहिलं असतं?

मावशी : बघ गं, कसं बोलतात. आता रडू येतंय मला, आणि पदरालाही बिस्किटाचा चुरा लागलाय.

भाची : रडून घे आणि मग इथं सही कर. आराखडा सोमवारपर्यंत माझ्या हातात आहे. कोणाला पास द्यायचा, हे सुरक्षा अधिकारी ठरवतो आणि ती मी आहे. रकाना आज घालते. चहा पुरवणारे. फोटो, पत्ता, गेटवर गाडीची झडती. रोज, दोन्ही वेळेला, डब्यासकट. चालेल?

मावशी : डबेच काय, किटलीचं झाकणसुद्धा उघडून दाखवीन!

भाची : आणि कुठे कुलूप उघडं, कुठे नवा माणूस, ते मला रोज येऊन सांगायचं. थांब, फोन... हं? बरं. ठेवते. शेडमधला तो माणूस नवा वजनकाटेवाला आहे. पास आहे त्याच्याकडे.

मावशी : असू दे की. बिनसाखरेचा का घेतो, ते मी काढते शोधून.

भाची : ओळखीची हमी कोणाची लिहू?

काका : माझी. तेविसाव्यांदा.

भाची : ‘अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?’

काका : एकतीस. आणखी चार महिने, लग्न ठरल्यापासून.

मावशी : इश्श! चार महिने कशाला सांगताय सरकारी कागदावर!

काका : विचारलंय ते पूर्ण सांगावं.

भाची : इकडे बघ, फोटो काढते... झालं. हा घे मावशी, तुझा पास. क्रमांक एक. या रकान्यात तू पहिलीच.

मावशी : फोटो तेवढा नीट काढू द्यायचा होतास. आता माझी गाडी?

काका : उद्या सकाळी सोडवून घे. पावती लागेल.

(भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजतात. काका टोपी काढून टेबलावर ठेवतात.)

भाची : ड्यूटी संपली, काका?

काका : संपली, पोरी. शाब्बास. तुझी आई फार खूश होईल.

मावशी : आणि मला काही नाही? बॉम्ब मी वाहिले!

काका : उद्या दहा वाजता शिडीपाशी ये. लांबूनच पास दाखव.

मावशी : दाखवीन हो, चांगला नाकासमोर धरीन. आणि मग?

काका : मग एक कप दे. बावीस वर्षं नुसत्या वासावर काढलीत.