भिजू नये म्हणून

राजधानीच्या बसच्या रांगेत मी बाळाला घेऊन उभी होते. माझ्यापुढे एक मुलगी आणि तिला सोडायला आलेले तिचे वडील.

"बाबा, मोर्चाचा फलक?"

"हा घे. प्लास्टिकमध्ये मढवून आणलाय. पावसात भिजायला नको."

"अहो बाबा, त्यावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"'प्लास्टिक थांबवा, पृथ्वी तापतेय.' अरे देवा!"

"सगळे हसतील मला."

"सोलून काढू का? फाटेल पण."

"राहू दे. मी या कामासाठी नोकरी सोडली तेव्हा हाच फलक रद्दीत घालायला निघाला होतात."

"तेव्हा वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. तीन वर्षं झाली की गं... बस आली बघ. लोकांनी विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, बाबा आजच चळवळीत आलेत. शिकतील हळूहळू."