पत्रावळीवरचं बिऱ्हाड

खोली मिळेपर्यंत पत्रावळीवरच जेवायचं, असा नवस मी महादेवाला बोलले होते. लातूर नवा जिल्हा झाला, यांची बदली तिथं झाली आणि आम्ही नणंदेच्या घरी किती दिवस राहणार? पण दुष्काळात पाण्याच्या धास्तीनं कुणी भाडेकरूच ठेवीना. एका घरमालकीणबाईंनी दारातच विचारलं, “भांडी किती घासता?”

“ताटं न्हाईतच, मावशी. खोली मिळेस्तोवर पत्रावळीवर जेवायचा नवस हाय.”

“तुमचे मालक पण?”

“हाव, ते पण.”

मावशींनी लगेच किल्ली काढली. “खोली घ्या. पण पाऊस पडेस्तोवर नवस सोडायचा न्हाई.”

“अन् महादेव?”

“त्याला मी सांगते.”

ताई, तुम्हीही खोली शोधताय ना? मग एखादा नवस बोलाच, पण घरमालकिणीलाही परवडेल असा बोला.