आठवी टाळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गाण्यांच्या कंपनीचे मालक माननीय कुरामोचीसाहेब, तोक्योहून मुद्दाम आलेले हिरानुमासाहेब, बावीस वर्षं आपलं ध्वनिमुद्रण सांभाळणारे सेनबादादा, जिच्यासाठी आपण जमलो ती गायिका मिसुझु ओरिकासा, आणि समोरचा कोंबडीचा रस्सा थंड होत असूनही माझ्याकडे बघत बसलेल्या हाकाताच्या मित्रांनो,

माझं सगळं बदललं तो क्षण मला घड्याळासकट आठवतो. गेल्या डिसेंबरची सव्वीस तारीख, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, हाच हॉल. कंपनीच्या वर्षअखेरच्या जेवणाला मी फुकट घुसलो होतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. अजूनही दुसऱ्याच वर्षाला आहे म्हणा, फक्त जात नाही.

हिरानुमासाहेब, आपण पाहुणे, म्हणून आमच्या गावची रीत सांगतो. कार्यक्रम संपवताना आम्ही सगळे मिळून टाळ्या वाजवतो. दोन, मग दोन, मग तीन. सातवी पडली की ठरलं ते ठरलं. त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही, कौतुकाच्या टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. त्या दिवशी सातवी पडली, हॉल गप्प झाला, आणि मागच्या रांगेतून एक टाळी आली. एकटीच.

"कोण रे ते?" कुरामोचीसाहेब ओरडले.

"मी," ही मिसुझु म्हणाली. "अजून एक आहे असं वाटलं."

उत्तरेकडची मुलगी, सफरचंदांच्या गावची. तिला कसं माहीत असणार? सगळे हसले. मी हसलो नाही. मी ऐकू येईल ते ध्वनिमुद्रित करत फिरतो, तेव्हाही फोन चालू होता. त्याच रात्री त्या एका टाळीवर मी नाचाचं संगीत बांधायला बसलो, ते मार्चपर्यंत उठलोच नाही. परीक्षा कधी झाली ते आईकडून कळलं.

सेनबादादा ऐकून म्हणाले, "पोरा, ही टाळी ठोक्याच्या मागे पडते. पुढे सरकव."

"सरकवली तर ती तिची राहत नाही, दादा."

"आणि ती तुझी कोण?"

दादा, त्याकडेच येतोय.

मिसुझुनं ऐकलं तेव्हा कानावरचे हेडफोन काढून विचारलं, "माझ्या चुकीवर लोक नाचणार?"

"नाचतील."

"नाही नाचले तर?"

"तर मी एकटा नाचेन."

"मग नाचूच नयेत लोक," म्हणाली, आणि गायला उभी राहिली. बूट करकरतात म्हणून अनवाणी. एकोणीस वेळा गायली. आम्ही सातव्या वेळचं गाणं ठेवलं. मे महिन्यात इथल्या तेन्जिन भागातल्या नाचघरांत पोरं ती टाळी येण्याआधी हात वर करून थांबायला लागली. शेकडो माणसं, सगळी एका मुलीच्या चुकीची वाट बघत उभी! याहून मोठं काय मिळवायचं असतं हो माणसानं?

आणि मग हिरानुमासाहेबांच्या तोक्योच्या कंपनीकडून बोलावणं आलं. फक्त तिला. हिरानुमासाहेब, तुमच्या नव्या आवृत्तीत ती टाळी बरोब्बर ठोक्यावर आणली आहे. सुबक झाली आहे. हात जोडून सांगतो, सुबक झाली आहे आणि मेली आहे. कुरामोचीसाहेब, डोळे वटारू नका, पुढच्या वाक्यात माफी मागणारच होतो. मागितली.

मंगळवारी स्टुडिओच्या जिन्यात मी हिला म्हणालो, "गाणं नेतेस, मलाही ने."

"जिन्यात काय उत्तर मागतोस रे?"

"मग शनिवारी दे. शेवटची टाळ्यांची रीत साहेबांनी मला करायला सांगितली आहे. मला नेणार असलीस तर आठवी वाजव. नसलीस तर सातवर थांब."

"सगळ्यांसमोर?"

"कुणाला कळणार आहे?"

आता तुम्हा सगळ्यांना कळलं. माझ्या तोंडाला झाकण नाही, हे आमचे प्राध्यापकही म्हणायचे. मिसुझु, मान खाली घालू नकोस. दया म्हणून वाजवू नकोस, आणि लोक बघतायत म्हणून हात आवरू नकोस. मला खरं पाहिजे, बस.

सातवीनंतर बोलायची मुभा नाही, म्हणून आत्ताच आभार मानतो. मला आत घेणाऱ्या कुरामोचीसाहेबांचे, मला शिव्या देऊन शिकवणाऱ्या सेनबादादांचे, आणि त्या चुकीचे. वयानं लहान आहे, जीभ सैल आहे. आज कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. उठा मंडळी, हात पुढे. हो! दोन. आणखी एकदा! दोन. शुभाचं, तिसऱ्यांदा! तीन.

भाषण इथे संपलं. पुढचं बोलायचं नव्हतं, म्हणून लिहितो.

सातवी पडली. हॉल गप्प झाला. मिसुझु माझ्याकडेच बघत होती. तिचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. सेनबादादांनी खाली बघितलं. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग हिरानुमासाहेबांना वाकून नमस्कार केला, तिलाही केला, तितकाच, आणि कोट उचलला.

दार आपटायची मला सवय आहे. या वेळी मूठ धरून हळू ओढलं. त्या शांततेत आठवा आवाज माझा नको होता.