पुतळ्यासाठी चेहरा

पाथर्डीच्या स्टँडवर समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा पुतण्या बसले होते. पुतण्याने मोबाईलवर पलटणीचा जुना फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला होता.

“काकी, यातले तात्या कोनते, तेवढं बोट ठेव.”

“लढाईत गेले त्याला पन्नास वर्सं झाली. आत्ताच कसा उमाळा आला तुला?”

“गावात पुतळा बसवायचाय त्यांचा. घरात एकबी फोटू न्हाई, आन् मूर्तिकाराला चेहरा पायजे.”

“मलाच कशाला इचारतो?”

“त्यांना बघितलेलं तूच एक राहिलीस. ह्यो मधला असंल बघ.”

“मधलाच का?”

“त्याचा चेहरा साफ हाय.”

“म्हंजे तुला चेहरा पायजे, तात्या न्हाई.”

“तू कायतरी लपवतीस, काकी. बाई नवऱ्याला वळखत न्हाई, असं कुठं असतंय व्हय?”

“लगीन झालं तवा दिवसा सासूम्होरं मान वर करायची सोय न्हवती, आन् राती घरात दिवा न्हवता. म्हैन्यात ते लढाईवर गेले. मी त्यांचे पाय तेवढे बघितलेत.”

“मग पायावरनं सांग की.”

“समद्यांनी बूट घातलेत.”