डूगलच्या बोटीचं कडं

आदरणीय अध्यक्षा श्रीमती हिनेमोआ पराता, व्यासपीठावर बसलेले आपल्या नदी-बोट क्लबाचे पदाधिकारी, ज्यांच्या निरोपासाठी आपण आज जमलो आहोत ते ॲलिस्टर मीकल, आणि समोर बसलेले खोऱ्यातले माझे सगळे शेजारीपाजारी,

मागच्या टेबलावर पाव्लोव्हा केक मांडून झाला आहे, हे मला इथून दिसतंय. तुमचं लक्ष कुठे आहे तेही दिसतंय. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ॲलिस्टरच्या अडतीस वर्षांचा आढावा घेतला. किती बोटी दुरुस्त केल्या, किती शर्यतींत धावल्या, सगळं आलं. मी डूगल कॉलेटची बायको. मला एकाच बोटीबद्दल बोलायचं आहे, आणि त्या बोटीतल्या एकाच भागाबद्दल.

क्राइस्टचर्चहून आलेल्या पाहुण्यांसाठी दोन शब्द. आमच्या बोटींना बाहेर पंखा नसतो. बोटीच्या पोटात पंप असतो, त्यात पंखा फिरतो, आणि पाण्याचा झोत मागून सुटतो. त्या पंख्याभोवती एक कडं बसवलेलं असतं. वेअर रिंग म्हणतात त्याला. पंखा आणि कडं यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट हवी. नदीची वाळू आणि खडी रोज त्यातून जाते, कडं झिजतं, फट वाढते, आणि पाणी मागे जाण्याऐवजी आतल्या आतच घुसळत राहतं. बोट वेगात असली तर वीतभर पाण्यावरूनही सरकते. वेग गेला की खडीवर बसते. बसली की बसली.

अकरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, दरड कोसळून आमचा रस्ता वाहून गेला, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. त्याच्या आदल्या महिन्यात डूगलची मूत्रपिंडं थकली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला खाली गावातल्या रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावं लागे. रस्ता नाही म्हटल्यावर राहिली नदी. आणि नेमकी त्याच वेळी आमची बोट उठेना. इंजिन नुसतं बोंबलायचं, बोट मात्र शेपूट पाण्यात टाकून रांगायची.

एका मंगळवारी मी ती कशीबशी ॲलिस्टरच्या शेडपर्यंत आणली. कॅटलॉगमधला नंबर कागदावर लिहून आणला होता. म्हटलं, "हे कडं द्या. पोलादी द्या, सगळ्यात टिकाऊ असेल ते."

ॲलिस्टरनी कागद वाचला आणि खिशात टाकला. मग पंपात हात घालून फटीत मापाची एकेक पातळ पट्टी सरकवत बसले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

"हा नंबर नव्या पंख्यासाठी आहे, नायरी," ते म्हणाले. "तुझा पंखा नवा कुठाय? त्याची पाती कडेनं झिजलीत. नवीन कडं बसवशील आणि फट तशीच राहील."

"मग काय करू?"

"आतून लहान असलेलं कडं हवं. पोलादी मागवतो, दोन आठवडे लागतील."

"उद्या बुधवार आहे," मी म्हटलं.

डूगल बोटीतच बसला होता, मांडीवर आमची कुत्री घेऊन. ॲलिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पाय किती सुजलेत ते पाहिलं. मग म्हणाले, "नायलॉनचा ठोकळा आहे माझ्याकडे. लेथवर तुझ्या पंख्याच्या मापानं कातून देतो."

डूगल म्हणाला, "घट्ट बसव रे. माझं वजन वाढलंय."

"तुझं नाही, अंगातल्या पाण्याचं वाढलंय," ॲलिस्टर म्हणाले, आणि कामाला लागले.

त्या दिवशी संध्याकाळी बोट अशी उठली की डूगलची टोपी उडून गेली. बुधवारी गेलो, शुक्रवारी गेलो. सोमवारी अर्ध्या वाटेत, नदीच्या ऐन मध्यात, पंपातून किंकाळीसारखा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. वायव्येचा गरम वारा सुटला होता, वरचं बर्फ वितळून नदी फुगत होती. वल्ह्यानं ढकलत मी बोट एका खडीच्या बेटाला लावली. वायरलेसवर हाक दिली. डूगलचे ओठ राखेसारखे झाले होते. त्यानं कुत्रीला कोटाच्या आत घेतलं आणि मला म्हणाला, "उभी राहू नकोस, बस इथे माझ्याजवळ." पाणी बेटावर चढत होतं. आम्ही बसलो.

पाऊण तासानं ॲलिस्टर आले. घरातल्या सपाता पायात, तशाच. त्यांची बोट बेटाला लागेना, म्हणून मांडीभर पाण्यात उतरून त्यांनी डूगलला पाठीवर घेतलं. डूगल त्यांच्या कानाशी म्हणाला, "फारच घट्ट बसवलंस रे." ॲलिस्टर हसले नाहीत.

रुग्णालयाच्या बाकावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. कपडे ठिबकत होते. म्हणाले, "चूक माझी आहे. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. नवशिक्यालाही ठाऊक असतं. कातण्याआधी ते भिजत ठेवायला हवं होतं, फट जास्त ठेवायला हवी होती. डूगलकडे बघून मी घाई केली."

सभाजनहो, ज्याच्या भरवशावर अख्खं खोरं डोळे मिटून पंप सोडून जातं, तो माणूस एवढं सरळ बोलला. एकदाही नदीला दोष दिला नाही.

पुढचे दोन आठवडे नवा ठोकळा कोमट पाण्याच्या टाकीत भिजत होता, आणि आठवड्यातले तीन दिवस शेडला कुलूप होतं. डूगलला ॲलिस्टर स्वतःच्या बोटीतून नेत-आणत होते. तोवर पोलादी कडंही आलं. मग त्यांनी दोन्ही कडी बाकावर शेजारी शेजारी ठेवली.

"आता तू निवड, डूगल. बसायचं तुला आहे."

"फरक सांग."

"पोलादी वर्षानुवर्षं टिकेल. पण मोठा दगड अडकला तर पोलाद हटणार नाही, पंख्याचं पातं मोडेल. नायलॉनमध्ये दगड चर पाडून निघून जाईल. जोर थोडा कमी मिळेल, दर तीन महिन्यांनी बदलावं लागेल, पण बोट घरी येईल."

मी पोलादीकडे बोट दाखवलं. एकदा अडकले होते, मला पुन्हा ते नायलॉन नको होतं. डूगलनं दोन्ही कडी हातात घेऊन बघितली. मग म्हणाला, "कधीतरी रुग्णालयवाले मला तिथेच ठेवून घेतील. तेव्हा ही एकटी परत येईल. पातं मोडून हिला एकटीला नदीत बसावं लागायला नको. नायलॉनचं बसव."

मी बाहेर गेले. कुत्रीला पाणी पाजायचं होतं, असं मी तेव्हा सांगितलं.

जोर कमी पडू नये म्हणून ॲलिस्टरनी बोटीतली मागची बैठक काढली, लोखंडी पेटी काढली. कुत्रीही काढा म्हणाले. डूगलनं ऐकलं नाही.

त्यानंतर चौदा महिने आम्ही नदीनं गेलो. रस्ता झाल्यावरसुद्धा डूगल म्हणे, नदीनंच जाऊ. दर तीन महिन्यांनी ॲलिस्टर आधीच भिजवून कातलेलं कडं घेऊन आमच्या काठाला येत. आणि एका नोव्हेंबरात, शुक्रवारी, डूगलला रुग्णालयात खरोखरच ठेवून घेतलं. तो परत आला नाही. मी एकटी परत आले. वाटेत पंपातून दगड गेला, दणका मला पायाखाली जाणवला. बोट थांबली नाही.

त्या पहिल्या कड्याला अकरा वर्षं झाली. अजूनही दर तीन महिन्यांनी ॲलिस्टर कडं घेऊन येतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला त्यांच्या लेथपाशी उभं केलं आणि कसं कातायचं ते शिकवलं, कारण आता शेड बंद होणार.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा आवरतं घेते. मला बोलायची संधी दिलीत, क्लबाची मी आभारी आहे. चार तास चुलीपाशी उभ्या राहिलेल्या भगिनींचीही आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं.

एक गोष्ट मात्र मी सांगताना गाळली. त्या सोमवारी खडीच्या बेटावर ॲलिस्टर पाण्यात उतरले, तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, "हा मेला तर तुमच्यामुळे मेला असं मी सगळ्या खोऱ्याला सांगेन." ते त्यांनी ऐकलं. डूगलला पाठीवर घेतलं. त्यानंतर अकरा वर्षांत त्यांनी त्या वाक्याचा कधी उल्लेख केला नाही, आणि मीही नाही.

आज सगळं खोरं इथे बसलंय, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. डूगल आणखी चौदा महिने जगला, तो तुमच्यामुळे. ॲलिस्टर, त्या वाक्याबद्दल मला क्षमा करा.